समुद्र सगळ्यांचा, पण वाट कोणाची?

"मजा आहे बाबा तुझी!"

माझ्या कुठल्याही फोटोखाली ही एक कमेंट असतेच. फोटोत असतं काय, तर पहाटेचा समुद्र, बगलेत सर्फबोर्ड आणि मागे माड. ठिकाण, पुएर्तो एस्कोंदिदो, मेक्सिको. त्यामुळे मंडळींचा असा समज झालाय की हा माणूस दिवसभर लाटांवर उभा राहतो आणि संध्याकाळी शहाळं पीत बसतो.

मजा आहे, खोटं कशाला बोलू? पण गेल्या महिन्यात गावाहून एक फोन आला आणि त्या मजेकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. म्हणून आज लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा. अर्धवट वाचून भांडायला येऊ नका, एवढीच विनंती.

आधी दिवस कसा जातो ते सांगतो.

पहाटे पाचला उठतो. साडेपाचला बोर्ड घेऊन चालत ला पुंताला जातो. पुंता म्हणजे टोक. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला खडक आहेत, त्यांना वळसा घालून लाट डावीकडे लांबवर फुटत जाते. माझ्यासारख्या चाळिशीत शिकलेल्या माणसाला हीच लाट बरी. याच किनाऱ्यावर पुढे सिकातेला आहे. 'मेक्सिकन पाइपलाइन' म्हणून जगभर नाव झालेली लाट ती. एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिण गोलार्धातल्या वादळांनी उठलेला फुगवटा हजारो मैल चालत येतो आणि तिथे उथळ वाळूवर धाडकन आपटतो. बोर्डाचे दोन तुकडे होताना मी पाहिलेत, माणसांना खांद्यावर घालून बाहेर आणतानाही पाहिलंय. मी तिथे काठावर बसून बघतो. एवढी अक्कल आहे.

आठला घरी. मग लॅपटॉप उघडायचा तो दुपारी चारपर्यंत मिटायचा नाही. काम अमेरिकेतल्या कंपनीचं, पगार डॉलरमध्ये, खर्च पेसोमध्ये. सगळी गंमत या एका वाक्यात आहे आणि सगळी अडचणही.

मध्ये मध्ये संसार. पिण्याचं पाणी वीस लिटरच्या बाटल्यांतून घ्यायचं, त्याला इथे गाराफोन म्हणतात. वापरायचं पाणी टँकरने, त्याला पिपा म्हणतात. उन्हाळ्यात पिपावाल्याची मनधरणी करावी लागते, अगदी आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये करतो तशीच. वीज जाते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याचा चिखल होतो. बाजारात मात्र घरी आल्यासारखं वाटतं. पेरू, सीताफळ, चिकू. चिकू तर मूळचा इकडचाच, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या काळात तो आपल्याकडे पोहोचला. उलट इथल्या किनाऱ्यावरचे माड मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून आले. आपला चिकू त्यांचा, त्यांचा माड आपल्या बाजूचा. हिशोब मिटला.

आता मुद्द्याकडे येतो.

इथे माझ्यासारख्यांना 'एक्सपॅट' म्हणतात. म्हणजे आम्हीच स्वतःला म्हणवून घेतो. मराठीत याला सरळ शब्द आहे, परदेशातून येऊन राहिलेला माणूस. पण असा प्रत्येक माणूस एक्सपॅट होत नाही. अमेरिकन माणूस पासपोर्ट दाखवून विमानातून उतरतो, त्याला व्हिसा लागत नाही, जास्तीत जास्त 180 दिवस राहता येतं. आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो. मात्र त्याच पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा तिथलं रहिवासाचं कार्ड असेल तर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. मी याच दारातून आत आलो. पुढे पगाराचे कागद दाखवून तात्पुरत्या रहिवासाचं कार्ड काढलं. चार वर्षांनी ते कायमचं होतं.

आणि दुसरं दार? ऑक्टोबर 2019 मध्ये मेक्सिकोने एकाच विमानात बसवून 311 भारतीयांना दिल्लीला परत पाठवलं. अमेरिकेच्या सरहद्दीकडे निघालेली माणसं होती ती. कागद नव्हते. आमच्या वाहाका राज्याच्या याच किनाऱ्यावर, आमच्यापासून काही तास पूर्वेला, मार्च 2024 मध्ये आठ चिनी स्थलांतरितांचे मृतदेह वाळूवर सापडले. ग्वातेमालाच्या सरहद्दीजवळच्या तापाचुलाहून होडीने निघाले होते. समुद्र तोच, प्रशांत. मी ज्या पाण्यात खेळायला उतरतो त्याच पाण्यात ते बुडाले. त्यांना कोणी एक्सपॅट म्हटलं नाही.

किनाऱ्याच्या हमरस्त्यावर तपासणी नाके लागतात. बसमध्ये माझ्या शेजारी गोरा मित्र बसलेला असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. माझा रंग बघून मला आधी इथलाच समजतात, मग तोंड उघडलं की कागद मागतात. कार्ड दाखवलं की चेहरा बदलतो, "पासे, पासे", जा पुढे. दोन मिनिटांचा प्रकार. पण त्या दोन मिनिटांत मला दरवेळी कळतं की माझी सगळी मजा त्या प्लास्टिकच्या कार्डावर उभी आहे.

म्हणून मी स्वतःला पाहुणा समजतो. पाहुण्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असं आजी सांगायची. घरच्यांची गैरसोय करू नये आणि घर आपलं आहे असं समजू नये.

पहिली गोष्ट आम्ही केव्हाच मोडली.

मी आलो तेव्हा ला पुंताचे रस्ते वाळूचे होते. रस्ते बरेचसे तसेच आहेत, पण दोन्ही बाजूंना कॅफे, योगाच्या शाळा, बुटिक हॉटेलं उभी राहिली. पाट्या इंग्रजीत. भाडी डॉलरमध्ये सांगतात. माझं स्वतःचं भाडं दुपटीच्या वर गेलं आणि तरी मला ते परवडतं. दुखणं नेमकं इथे आहे. मला परवडतं म्हणून भाव तिथे टिकतो. आमच्या घरमालकीणबाईंचा मुलगा इथल्याच एका कॅफेत काम करतो. ज्या गल्लीत तो जन्मला तिथे त्याला खोली घेता येत नाही. तो टेकडीपलीकडच्या वस्तीत राहतो आणि पहाटे मोटरसायकलवरून येऊन आम्हाला कॉफी देतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये वाहाका शहरापासून इथपर्यंतचा नवा महामार्ग सुरू झाला. अध्यक्ष लोपेस ओब्रादोर स्वतः उद्घाटनाला आले होते. सहा-सात तासांचा घाट अडीच-तीन तासांवर आला. चांगलंच झालं. आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात लवकर पोहोचतो, डोंगरातल्या गावांचा माल लवकर उतरतो. पण त्याच रस्त्याने जमिनीचे दलालही लवकर पोहोचतात. रस्ता कोणाला येऊ द्यायचं ते ठरवत नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशी लोकांना जमीन घ्यायला बंदी घाला. गंमत अशी की बंदी आहे. आणि साधीसुधी नाही, संविधानात आहे.

मेक्सिकोची क्रांती झाली ती मुख्यतः जमिनीवरून. त्या क्रांतीतून 1917 चं संविधान आलं. त्याच्या 27 व्या कलमात लिहिलंय की सरहद्दीपासून 100 किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी घेता येणार नाही. कितीतरी वर्षं हा नियम कडक होता. मग पळवाट निघाली. बँकेच्या नावावर जमीन, बँक विश्वस्त, आणि उपभोग परदेशी माणसाचा. याला फिदेइकोमिसो म्हणतात. 1973 च्या कायद्यात त्याची मुदत 30 वर्षं होती, 1993 मध्ये ती 50 वर्षं झाली आणि पुढे वाढवूनही मिळते. म्हणजे बंदी जागच्या जागी आहे आणि बंगलाही.

त्याआधी 1992 मध्ये आणखी एक मोठी गोष्ट झाली होती. क्रांतीनंतर गावांना सामाईक जमिनी मिळाल्या होत्या, त्यांना एहिदो म्हणतात. त्या विकता येत नसत. 1992 मध्ये 27 व्या कलमातच दुरुस्ती झाली आणि गावसभेने ठरवलं तर एहिदोचे तुकडे खाजगी करून विकता येऊ लागले. मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर आज जी हॉटेलं दिसतात, त्यातल्या कित्येकांच्या पायाखाली अशीच एखादी जुनी एहिदो आहे.

ला पुंताची बाजू सांता मारिया कोलोतेपेक या गावाच्या हद्दीत येते आणि तिथली बरीच जमीन अजून गावाची सामाईक आहे. परदेशी माणसाला तिथे बँकेचाही मार्ग नाही. मग काय होतं? स्थानिक माणसाचं नाव उसनं घ्यायचं. त्यालाही शब्द आहे, प्रेस्तानोंब्रे, नाव उसनं देणारा. वाचताना ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून कुठल्या कुठे जाऊन शेतकरी असल्याचा दाखला पैदा करणारे महाभाग आपणही पाहिलेत. माणूस सगळीकडे सारखाच हुशार.

आता वाटेची गोष्ट.

मी रोज पहाटे ज्या वाटेने समुद्रावर जायचो ती माडांच्या एका रिकाम्या जागेतून जायची. वाट म्हणजे काय, पायांनी मळलेली वाळू. कोळी जायचे, शाळेतली पोरं जायची, आम्ही जायचो. एके दिवशी तिथे खांब पुरले गेले. मग तार आली. मग भिंत, फाटक आणि पाटी, 'खाजगी'. मालक कोण ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. आता आम्ही लांबून जातो, दहा मिनिटं जास्त. मला काय, पोटाला चांगलंच. पण एक म्हातारा मच्छीमार जाळं खांद्यावर घेऊन त्याच लांबच्या वाटेने जाताना दिसतो, तेव्हा मी मान खाली घालतो.

पुन्हा तीच गंमत. कायदा मच्छीमाराच्या बाजूने आहे. मेक्सिकोत समुद्रकिनारा राष्ट्राच्या मालकीचा. नुसती वाळूच नव्हे, तिला लागून असलेली 20 मीटरची पट्टीसुद्धा. कोणीही यावं, बसावं. 2020 मध्ये कायद्यात आणखी दुरुस्ती केली. किनाऱ्याकडे जाणारी वाट अडवली तर दहा लाख पेसोंच्या वर दंड होऊ शकतो. सार्वजनिक वाट नसेल तर लगतच्या मालकाने मोबदला घेऊन वाट द्यायची, असंही त्यात आहे.

म्हणजे समुद्र तुमचा, वाळू तुमची, वीस मीटरची पट्टीही तुमची. फक्त तिथे पोहोचायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा. फाटकाशी भांडायला वकील लागतो, तारखा लागतात. जाळं ओढणाऱ्याकडे वेळ असतो फक्त भरती-ओहोटीच्या मधला.

इथले लोक गप्प बसलेत असं नाही. गावाच्या पश्चिमेला पुंता कोलोरादा नावाचा किनारा आहे. बॉडीबोर्डिंगसाठी नावाजलेला, शिवाय कासवं अंडी घालतात. तिथे मोठ्या बांधकामाची योजना आली तेव्हा इथल्याच सर्फर पोरांनी आणि रहिवाशांनी विरोध उभा केला. मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, सरकारदरबारी हरकती नोंदवल्या. जुलै 2025 मध्ये तर खुद्द मेक्सिको सिटीत वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला आणि त्यात परदेशी लोकांनी घरी जावं अशा घोषणा झाल्या. काही दुकानांच्या काचा फुटल्या. ते चूकच. पण घोषणा ऐकून मला राग आला नाही. मी त्या घोषणेतलाच माणूस आहे.

मी त्या मोर्चात जाऊ शकतो का? नाही. संविधानाचं 33 वं कलम सांगतं की परदेशी माणसाने देशाच्या राजकारणात कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करायची नाही. काही मित्रांना हे जाचक वाटतं. मला बरोबर वाटतं. ज्याला उठून जाता येतं त्याने घरच्यांच्या भांडणात बोलू नये. 19 जून 2025 ला एरिक चक्रीवादळ आमच्या पश्चिमेला किनाऱ्यावर आदळलं. आदल्या दिवशी ज्यांना जमलं ते पाहुणे निघून गेले. मच्छीमार दोरखंड घेऊन होड्या वर ओढत होते. पाहुणा आणि गावकरी यातला फरक मला त्या संध्याकाळी जेवढा दिसला तेवढा कुठल्याच पुस्तकात सापडला नसता.

तर मी इथे बोलू शकत नाही. पण आपल्याकडे बोलू शकतो. आणि बोलायची वेळ त्या फोनने आणली.

इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेआठ. चुलतभावाचा फोन. "दादा, गिऱ्हाईक बरां गावलां. तुझी तेवढी सही व्हयी."

वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला आमची माडांची बाग आहे. चाळीस गुंठे. सातबारावर सात नावं, त्यातलं एक माझं. गिऱ्हाईक मोठ्या शहरातलं. सहा खोल्यांचं छोटं रिसॉर्ट काढायचंय, समुद्रावर सर्फिंग शिकवायचंय. भावाने माझं नाव सांगितलं तर त्या गृहस्थाने माझे फोटो आधीच पाहिलेले होते! म्हणाले, असंच काहीतरी आपल्याला इथे करायचंय.

आता सांगा, कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

बरं, भावाचीही बाजू समजून घ्या. माड वानरांनी खाल्ले. पाडेली मिळत नाही, मिळाला तर मजुरी नारळाच्या भावापेक्षा जास्त. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. धाकट्याचं शिक्षण. मी वर्षातून एकदा गणपतीला येणार, मोदक खाणार, बागेत फोटो काढणार आणि परत जाणार. मी म्हटलं, थोडं थांबूया. त्यावर तो जे बोलला ते अजून कानात आहे. "तू थंय दर्यात खेळतंस आणि माका हंय शाणपण शिकयतंस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून पूर्ण नाही.

त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यासमोर बागेतली पायवाट येत होती. आमच्या बागेच्या मधून एक वाट थेट दर्यावर जाते. आजोबांच्याही आधीपासूनची. रापणीची माणसं जाळी घेऊन त्याच वाटेने जातात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ त्याच वाटेने जातो. वाडीतले सगळे गणपती त्याच वाटेने विसर्जनाला जातात. आम्ही कधी कोणाला अडवलं नाही आणि कोणी कधी विचारलं नाही, विचारायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. सातबारावर ती वाट नाही. नकाशातही नाही. ती फक्त सवयीत आहे.

आणि सवय खरेदीखतात उतरत नाही.

कायद्याचं थोडं वाचलं. मी वकील नाही, जाणकारांनी चूक असेल तर दुरुस्त करावं. 1882 च्या इझमेंट ॲक्टप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. पण 'हक्काने' हा शब्द महत्त्वाचा. 'आम्ही चांगुलपणाने जाऊ देत होतो' असं मालकाने म्हटलं की तिथेच घोडं अडतं. सीआरझेडच्या नियमांतही कुंपणामुळे किनाऱ्यावर लोकांची ये-जा अडू नये असं म्हटलंय. म्हणजे कायदा आपल्याकडेही आहे. मेक्सिकोतही होता. फाटक तरी बसलंच.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून आपण वाट बघतोय की पर्यटन येईल. आता ते येतंय. शेजारी गोव्यात ते आधीच येऊन बसलंय. तिथल्या सरकारला 2023 मध्ये भातशेती वाचवायला वेगळा कायदा करावा लागला. इतकं पाणी डोक्यावरून गेल्यावर!

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझ्या ताटातली भाकरी... नव्हे, तोर्तिया त्याच किनाऱ्यावरची आहे. इथून पूर्वेला तासाभरावर मासुंते नावाचं गाव आहे. तिथे कासवांचा कत्तलखाना होता. गाव त्यावर जगायचं. 1990 मध्ये सरकारने कासवं मारायला बंदी घातली आणि गावाचं पोट एका दिवसात गेलं. मग तिथे कासवांचं केंद्र उभं राहिलं, लोकांनी सहकारी तत्त्वावर साबण-तेलं बनवायला सुरुवात केली, खोल्या भाड्याने दिल्या. आज तिथेही गर्दीचे, भावाचे प्रश्न आहेतच. पण ते गाव पर्यटनाने उभं राहिलं हे नाकारता येणार नाही. आणि लांब कशाला जाऊ? आपलं वेळास बघा. तीच जात कासवांची, ऑलिव्ह रिडले. कासव महोत्सवाला येणारा माणूस गावातल्या घरात उतरतो, ओटीवर झोपतो, घरच्या बाईच्या हातचं जेवतो. पैसा चुलीपर्यंत पोहोचतो. आणि समुद्रावर जायची वाट गावाचीच राहते.

आमच्या घरमालकीणबाईंनीही जमीन विकली नाही. मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या, एकीत मी राहतो. त्या भाड्यावर धाकटी मुलगी वाहाकात शिकते. शेजाऱ्यांनी विकली होती. आलेल्या पैशातून गाडी घेतली, घर बांधलं, उरले ते लग्नात गेले. आता ते त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात बागकाम करतात. बाई म्हणाल्या, "त्याच्या झाडांना तोच पाणी घालतो, फक्त आता वेळेवर यावं लागतं."

म्हणून मी भावाला असं सांगितलंय. सही देतो, पण विक्रीच्या कागदावर नाही. भाडेपट्टा कर, दहा-पंधरा वर्षांचा, जमीन आपल्या नावावर राहील. काकींच्या ऑपरेशनचे पैसे मी आत्ता पाठवतो. कर्ज म्हणून नव्हे, इतकी वर्षं बाग त्याने सांभाळली त्याचा हिस्सा म्हणून. हे मी खरं तर कधीच करायला हवं होतं. आणि बाकी सगळ्यांना विकायचंच असेल तर बहुमतापुढे मी एकटा किती ताणू? पण मग खरेदीखतात वाट लिहिली गेली पाहिजे. कुठून कुठे, किती फूट रुंद, कोणासाठी, आणि कायमची. मोजणी करून नकाशावर दाखवलेली. त्याशिवाय माझी सही नाही.

भावाने अजून उत्तर दिलेलं नाही. काल व्हॉट्सॲपवर फक्त 'बघतंय' एवढंच आलंय. गिऱ्हाईक पट्ट्याला तयार होईल की दुसरीकडे जाईल, माहीत नाही. दुसरीकडे गेलं तर शेजारच्या बागेत जाईल आणि मग भाऊ मला आयुष्यभर ऐकवेल. तेही ऐकून घेईन.

ज्यांना वाटतंय की परदेशात बसून हा उपदेश करतोय, त्यांचं बरोबर आहे. पण फाटकाच्या आतल्या बाजूला राहून आलेला माणूस मी आहे. तुमच्या वाडीत उद्या जे गिऱ्हाईक येणार आहे ते कसा विचार करतं, ते मला आतून माहीत आहे. ते वाईट नसतं हो. त्याला समुद्र आवडतो. सकाळी शांतता हवी असते. फाटकही तो दुष्टपणाने बसवत नाही, चोरीची भीती वाटते म्हणून बसवतो. त्याला सांगणारं कोणी नसतं की इथून रापण जाते. तुम्ही सांगितलं नाहीत, लिहून ठेवलं नाहीत, तर त्याला कसं कळणार?

तेव्हा एक काम करा. तुमच्या वाडीतून दर्यावर जाणाऱ्या वाटा किती आहेत, ते मोजा. कोणाच्या बागेतून जातात, कधीपासून, कोण वापरतं, जुन्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. फोटो काढा. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा. बागा विकायच्या की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण वाट सगळ्यांची आहे, ती एकाला विकता येणार नाही हे एकदा सगळ्यांनी बसून ठरवा. गिऱ्हाईक यायच्या आधी ठरवा. आल्यावर ठरवायला बसलात तर भांडण होतं, आणि भांडणात ज्याच्याकडे पैसा त्याचा वकील मोठा.

आमच्या वाडीत मला आठवतायत त्या तीन. एक आमच्या बागेतली, एक देवळामागची, आणि एक खाडीच्या बाजूची, जी मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा तारेने बंद झालेली होती.

तुमच्याकडे किती आहेत? कमेंटमध्ये गावाचं नाव आणि आकडा लिहा. बंद झालेल्याही लिहा.